मिशीचा साक्षीदार

भोसरीच्या हिंदुरावांचे साडेतीन एकर रान चिंचवडच्या नव्या बिस्किट कारखान्यात गेले आणि त्यामागोमाग हिंदुरावही रोजंदारीवर तिथेच गेले. पीठखात्यात मिशीला बंदी होती. हिंदुरावांनी ती उतरवली. ज्याची सगळी जमीन गेली, त्याला कायम नोकरी, असा नियम होता. त्यांचा अर्ज वर गेला होता.

अशात सरकारी अनुबोधपटवाले आले. विषय होता, ‘देशोदेशीचे पुरुष : परंपरा आणि ओळख’. तुर्कस्तानचा पुरुष झाला होता, जपानचा झाला होता, आता मराठी पुरुष घ्यायचा होता. मामलेदारांनी हिंदुरावांना पुढे केले. दिग्दर्शकांनी त्यांच्या गुळगुळीत तोंडाकडे पाहून विचारले, “यात पुरुष कुठे आहे?”

मग परंपरा आणवण्यात आली. फेटा पाटलांचा, बैल आबाजीचे, नांगर आणि शेत छबूबाईचे. मिशी तेवढी मुंबईहून आली.

“लग्नात बी येवढं नटला न्हवता,” कौशल्याबाई बांधावरून नवऱ्याला म्हणाल्या.

“गप गं, सरकारी काम हाय,” हिंदुराव मिशी सावरत म्हणाले.

दुसऱ्याच तासाला घामाने डिंक सुटला आणि मिशी उजवीकडून हनुवटीवर लोंबली. फिल्म थोडी होती. दिग्दर्शक म्हणाले, “राहू द्या, कोण बघतंय?”

चार महिन्यांनी अर्ज परत आला. अर्जदार सरकारी चित्रपटात स्वतःचे शेत नांगरताना दिसत असल्याने तो भूमिहीन नाही, सबब, नामंजूर.

हिंदुराव हेडक्लार्क उद्धवरावांपुढे उभे राहिले. “साहेब, रान छबूबाईचं व्हतं.”

“निवेदक तर म्हणतो, ‘हा आपल्या काळ्या आईच्या कुशीत’. आई दुसऱ्याची कशी असेल? शिवाय त्या गृहस्थाला मिशी आहे. तुम्हाला नाही. तुम्ही हिंदुराव कशावरून?”

“ती मिशी खोटी व्हती! पडलीच की पडद्यावर!”

उद्धवरावांनी नियमांचे पुस्तक चाळले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. “असं करा, मिशी पडताना पाहिलेला एक प्रेक्षक आणा. लेखी जबाब हवा. नातेवाईक चालणार नाही.”

एकच माणूस! हिंदुराव हसतच बाहेर पडले. चित्रपट तर प्रत्येक खेळाआधी सक्तीने दाखवत होते, तोही जिल्हाभर.

चिंचवडच्या तंबूतल्या सिनेमाच्या दाराशी त्यांनी लोकांना गाठायला सुरुवात केली. “भाऊ, त्या नांगरवाल्याची मिशी पडली, बघितली का?”

“कोणता नांगरवाला?”

“पयल्या फिल्ममधला.”

“ती संपेस्तोवर आम्ही भजी खातो, राव.”

भज्यांच्या गाडीवर अख्खा गाव होता. मामलेदार होते. पावशेर कांदाभजी घेऊन उद्धवरावही होते. हिंदुरावांनी प्रोजेक्टर चालवणाऱ्या ज्योतीरामला गाठले, तर तोही रीळ लावून गाडीवरच आला होता.

“आत कोण हाय मंग?” हिंदुरावांनी विचारले.

“आत? खुर्च्या.”

हिंदुराव अजून दाराशी उभे असतात. आपल्या परंपरेविषयी तळमळ असणारे, पुरुषाच्या ओळखीवर तासन् तास बोलणारे सुशिक्षित लोक त्यांना रोज भेटतात. आपणही त्या तंबूत गेला असालच, वाचकहो. जबाब अर्ध्या कागदाचा आहे. मिशी कोणत्या बाजूने पडली, एवढेच लिहायचे. वर सांगितलेले उतरवू नका. स्वतः पाहिलेलेच चालते.