नापास माती

एका जंगलात राजाला चहाची तलफ लागली आणि तिथून सगळा घोटाळा सुरू झाला. बाळांनो, राजा सिंहच होता. त्या जागेसाठी दुसऱ्या कोणी अर्ज केला नव्हता. केला असता तर अर्जासकट खाल्ला गेला असता.

राजानं अख्खा डोंगर चहाखाली आणला आणि एकेका प्राण्याला एकेक उतार वाटून दिला. दोन पानं आणि एक कळी खुडायची, टोपली दरबारात पोचवायची. पान हिरवंगार हवं. लागोपाठ तीन हंगाम पान पिवळं आलं, की उतार काढून घ्यायचा आणि त्या प्राण्याला नदीपलीकडच्या खडकपट्टीवर धाडायचं. तिथं गवतसुद्धा उगवत नसे.

या डोंगरावर चिंधाबाई नावाची एक सायाळ होती. पाठीवर काटे, जिभेवर त्याहून जास्त. पण मातीतलं तिला कळत असे. चिमूटभर माती जिभेवर ठेवून ती कस सांगे. चहाला आंबट मातीच मानवते, हे तिला सासूनं शिकवलं होतं. खुडलेल्या पानाबरोबर मातीतलंही काहीतरी टोपलीतून निघून जातं, ते मातीला परत द्यावं लागतं, हेही सासूनंच. म्हणून छाटणी झाली की फांद्या आणि पाला ती झुडपांच्या बुंध्याशीच पसरून ठेवी. सगळेच ठेवत. तो कुजे, माती काळीभोर राही.

एकदा राजा मळ्यात फिरायला आला आणि छाटलेली एक काटकी त्याच्या पंज्यात घुसली. दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं: मळा स्वच्छ ठेवा, जमिनीवर पान दिसता कामा नये. सगळ्यांनी डोंगर झाडून काढला, पाला जाळला आणि शाबासकी घेतली. डोंगर असा लख्ख झाला म्हणता! मग पाऊस आला आणि उघडी माती नदीत गेली. पुढच्या हंगामात झुडपं पिवळी पडली.

आता तुम्ही म्हणाल, मग पाला परत पसरायचा. बाळांनो, तुम्ही लहान आहात. इतकी सोपी गोष्ट बोलून दाखवली तर दरबारात कोण तुम्हाला तज्ज्ञ म्हणेल? राजानं मातीसाठी नवं खातं काढलं आणि त्यावर एका सांबराला बसवलं. त्याच्या शिंगांचा पसारा मोठा होता, एवढीच त्याची विद्वत्ता. शिंगांना टोकं सहा, पण स्वतःला तो बारशिंगे साहेब म्हणवून घेई. मोजायला कोण जाणार?

बारशिंगे साहेबांनी दवंडी पिटवली. प्रत्येकानं आपल्या उताराची ओंजळभर माती तपासणीला आणावी. शंभरपैकी गुण मिळतील. पास होणाऱ्या मातीला खताचं एक पोतं. पहिल्या येणाऱ्या मातीला दहा. नापास मातीला खत बंद.

"आवं, पण नापास मातीलाच तर खत पायजे ना?" चिंधाबाईनं विचारलं.

"म्हणजे नालायक मातीचे लाड करायचे?" साहेब म्हणाले.

सगळ्या जंगलाला हे फार पटलं. मग जो तो मातीच्या तयारीला लागला. माकडानं माती मलमलीतून चाळली. सशानं देवळातल्या तुळशीखालची आणली. रानडुकरानं जन्मात कधी अंग धुतलं नव्हतं, पण माती तीनदा धुतली. आपल्या उताराची माती कोणीच घेतली नाही. दरबारात न्यायची ती चांगलीच नको का? फुटकी कपबशी पाहुण्यापुढं कोण ठेवतं!

चिंधाबाई तेवढी अडाणी निघाली. उतारावर चार ठिकाणी वीतभर खोल उकरून तिनं माती काढली, एकत्र कालवली आणि पानात बांधून नेली. तिचा एक हंगाम पिवळा गेला होता. खरा रोग दाखवला तर खरं औषध मिळेल, असं तिला वाटलं.

साहेबांनी माती हुंगली. "रंग फिका. वास नाही. आणि आंबट? शी!"

"साहेब, चहाला आंबटच लागती. भूक आहे ती पाल्याची अन् खताची. चव घेऊन बघा."

"आम्ही माती खात नाही," साहेब म्हणाले. "अकरा गुण. नापास. आणि असली माती दरबारात आणून डोंगराची बदनामी केल्याबद्दल सक्त ताकीद."

पहिला आला राजाचा मेहुणा, बिबट्या. त्याची माती राजवाड्यातल्या गुलाबाच्या कुंडीतली होती. दहाची दहा पोती त्यानं आपल्या उतारावर एका दिवसात ओतली. मुळं करपली आणि महिन्याभरात झुडपं वाळून गेली. साहेबांनी वहीत नोंद केली, "झाडे आनंदातिरेकाने गेली."

चिंधाबाईला पोतं मिळालं नाही. दुसरा हंगामही पिवळा गेला. आता एकच उरला होता. तिच्या बिळात तीन पिल्लं होती आणि खडकपट्टी बिळाच्या तोंडातून दिसायची. तिला भीती वाटली, साधी भीती.

पुढच्या तपासणीच्या आदल्या दुपारी बारशिंगे साहेब जेवून घोरत असताना ती त्यांच्या अंगणात गेली आणि त्यांच्याच फुलांच्या वाफ्यातली माती पदरात बांधून आली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ती हुंगली आणि त्यांचे डोळे भरून आले. "वा! काय खानदानी वास आहे! या मातीशी माझं जन्मोजन्मीचं नातं असावं. अठ्ठ्याण्णव!"

दहा पोती आली. चिंधाबाई बिबट्यासारखी वेडी नव्हती. तिनं थोडंथोडं करून, प्रत्येक पावसाच्या उघडिपीला घातलं. पान हिरवं झालं. राजा खूश झाला. साहेबांना प्रधान केलं आणि त्यांच्या खुर्चीवर चिंधाबाईला बसवलं. तपासणाऱ्याचाही उतार असतोच, तेव्हा तिचीही माती दर हंगामाला तपासणीत असे. आता ती माती चिंधाबाई स्वतःच तपासत असे आणि माती दर वेळी पहिली येई.

तिच्या शेजारचा उतार धोंडीबा भेकराला नव्यानं मिळाला होता. उताराबरोबर आधीच्या कुळाचे दोन पिवळे हंगामही त्याच्या नावावर चढले होते. तपासणीच्या दिवशी तो पानाची पुडी घेऊन आला.

"चिंधामावशी, चार जागची हाय. वीतभर खोलची. तुमीच दाखवलं व्हतं ना, तश्शी काढली."

चिंधाबाईनं चिमूट जिभेवर ठेवली. आंबट होती, चहाला हवी तशी. आणि उपाशी होती. एक पोतं खत आणि बुंध्याशी पाला, एवढ्यावर उतार वाचला असता. हे त्या जंगलात फक्त तिला कळत होतं.

पण असली माती पास केली, तर शेजारची तिची अठ्ठ्याण्णव गुणांची कशी, असं प्रधान विचारणार. वाफ्यातल्या मातीपर्यंत जायला त्यांना वेळ लागला नसता.

"किती मार्क पडलं, मावशी?" धोंडीबानं विचारलं.

"मावशी नाही, मॅडम म्हणायचं," चिंधाबाई म्हणाली. "अकरा."

तिसरा हंगामही पिवळा गेला आणि धोंडीबा आपल्या पिल्लांना घेऊन खडकपट्टीवर गेला. त्याची माती पास झाली असती तर त्याला मिळालं असतं ते पोतं पहिल्या आलेल्या उताराला जादा देण्यात आलं. ते हमालांनी चिंधाबाईच्या अंगणात आणून टाकलं आणि तिनं सही केली.

तात्पर्य: बाळांनो, माती नेहमी खरी तपासावी, म्हणजे कोणाला उपाशी ठेवायचं ते नक्की कळतं.