तीन बोटे आखूड

जळती काठी हवेत पहिल्यांदा नाचवली ती पलितेबुवांनी. त्यांचे चिरंजीव ठिणगीराव यांनी ती नाचवता नाचवता एका भल्या माणसाची अर्धी मिशी जाळली. ठिणगीरावांचे चिरंजीव निवांतराव यांनी स्वतःच्या बाहीने पेट घेतला असतानाही खेळ पुरा केला आणि मगच बाही विझवली. ही नावे लोकांनी दिलेली होती, आणि लोक अशी नावे फुकट देत नाहीत. या घराण्यातले चौथे म्हणजे धाकटे. वय एकोणपन्नास, मिशी भरघोस, आणि आई हयात असल्यामुळे अजूनही धाकटेच.

खेळ सांगायला सोपा आहे. दोन हातांत दोन लहान हातकाठ्या धरायच्या आणि त्यांच्यावर तिसरी, मधली काठी टोलवत ठेवायची. या मधल्या काठीच्या दोन्ही टोकांना वाती पेटलेल्या असतात, म्हणून तिला हाताने धरायचे नाही आणि जमिनीवर पडूही द्यायचे नाही. गावाच्या खुल्या रंगमंचावरच्या वार्षिक कार्यक्रमाचा शेवट चाळीस वर्षे याच घराच्या आगीने होत आला होता.

यंदा मात्र अग्निशमन दलाने नियम काढला. चिंध्या गुंडाळलेल्या जुन्या काठ्या चालणार नाहीत. न जळणाऱ्या धाग्याची विणलेली वात हवी आणि कार्यक्रमाच्या दिवशी अधिकाऱ्यांसमोर चाचणी हवी. चाचणीत काठी पडली तर शेवटचा मान जादूगाराला.

"कबुतरं काढणाऱ्याला?" आईंनी विचारले.

"त्यालाच," धाकट्यांची थोरली बहीण म्हणाली. घरात आणि बाहेर सगळे तिला ताईच म्हणत. भावाच्या खेळाच्या वेळी जाड ओली चादर घेऊन बाजूला उभे राहणे हे तिचे काम होते, आणि तीस वर्षांत ती चादर एकदाही वापरावी लागली नव्हती.

"चाळीस वर्षं लोक आग बघून घरी गेले. आता कबुतरं बघून जायचं त्यांनी? काठी आण नवी."

काठ्या बनवणारे कुटुंबही गावात एकच होते. कारखान्यात आता मुलगी काम पाहत असे. तिचे वडील कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून फक्त लक्ष ठेवत. भिंतीवर तिच्या पणजोबांचे छायाचित्र होते. चेहरा करारी, मिशी उजव्या बाजूला झुपकेदार, आणि डाव्या बाजूला काहीच नाही. ठिणगीरावांनी जाळलेली ती हीच. काठीची चाचणी घेताना घडलेला तो अपघात होता, परंतु त्या घराने तो अपघात मानला नव्हता.

"या," म्हातारबुवा धाकट्यांना म्हणाले. "आमच्या आजोबांची अर्धी मिशी तुमच्याकडे येणं आहे, विसरू नका."

"बाबा, गिऱ्हाईक आहे ते," काठीवाली म्हणाली.

"गिऱ्हाईक आहे म्हणूनच आठवण करून देतोय."

धाकट्यांनी तिकडे दुर्लक्ष केले. काठीवालीने तीन नमुने पुढे मांडले. एकीचा गाभा लाकडी, दुसरीचा पोकळ धातूचा, तिसरीचा फायबरचा. तिघींवरही रबराचे वेष्टन होते.

"लाकडी जड पडते, पण हाताला सांगून फिरते," ती म्हणाली. "धातूची हलकी, पण पडली की पोचे येतात. नवशिक्याला मी जाड रबराची देते, सावकाश फिरते. तुम्हाला पातळ रबर चालेल. वात मोठी हवी का लहान? मोठी जास्त वेळ जळते, पण टोकं जड होतात."

"लाकडी. पातळ रबर. वात मधली." धाकट्यांनी नमुना कानाशी धरून बोटाने वाजवला, जणू कलिंगड घेत होते.

"आणि लांबी? जरा उभे राहा, दोन-तीन टोलवून बघा. हाताला कोणती बसते ते कळेल."

"माझं माप घेतेस?"

"सगळ्यांचंच घेते."

"बाई, आमच्या घराच्या चौकटीवर पणजोबांनी खाच पाडून ठेवली आहे. जमिनीपासून खाचेपर्यंत, तेवढी काठी. त्याच मापाने चार पिढ्या खेळल्या. दोरा पाठवतो, त्याबरहुकूम काप."

"जुनी काठी आणलीत तरी चालेल."

"चौकट असताना काठी कशाला?"

अनुभवी माणसाची ही खोड असते. नवशिका चार वस्तू हाताळून एक घेतो, आणि अनुभवी माणूस वस्तूला हात न लावता तिच्याबद्दल बोलतो. धाकट्यांनी त्याच दिवशी चौकटीशी दोरा धरला, खाचेपाशी कापला आणि कारखान्यात पाठवून दिला.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चार वाजता धाकटे, ताई आणि आई कारखान्यात पोहोचले. पाच वाजता अधिकारी चाचणीसाठी तिथेच येणार होते. काठ्या देखण्या झाल्या होत्या. धाकट्यांनी कारखान्यापुढच्या मोकळ्या जागेत उभे राहून, वाती न पेटवता, पहिला टोला दिला. दुसरा दिला, तिसरा दिला. चौथ्या टोल्याला हातकाठी रिकाम्या हवेत फिरली आणि मधली काठी त्यांच्या पायावर पडली.

पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चौथ्याला पडली. पाचव्या वेळी ती आईंच्या पिशवीत जाऊन पडली.

"हिने आखूड कापली आहे," धाकटे म्हणाले.

काठीवालीने खिळ्यावरचा दोरा काढला आणि काठीला लावला. दोरा आणि काठी तंतोतंत सारखे होते.

"मग दोरा आखूड कापलास," ताई भावाला म्हणाली.

"खाचेपासून जमिनीपर्यंत धरला होता. ताणून."

आईंनी पिशवी खाली ठेवली. "कोणत्या जमिनीपर्यंत?" त्यांनी विचारले.

"आपल्या. दुसरी कोणती?"

"गेल्या वर्षी मी नवी फरशी बसवून घेतली. जुनी न उखडता, तिच्याच वर. तीन बोटं जमीन वर आली."

ताईने आकाशाकडे पाहिले. काठीवालीने नम्रपणे भुशाकडे पाहिले.

"मला सांगायचं होतंस, आई," धाकटे पडलेल्या आवाजात म्हणाले.

"वर्षभर त्या फरशीवरून चालतोयस. तुला मी काय सांगू?"

तीन बोटे म्हणजे फार नव्हेत, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. परंतु आखूड काठी लवकर पलटते. एकाच लांबीची काठी जन्मभर टोलवलेला हात नेहमीच्या जागी पोहोचतो तेव्हा ती तिथून निघून गेलेली असते. नवशिक्याचे यात काहीच अडले नसते.

"दुसरी करायला वेळ?" आईंनी विचारले.

"रबर वाळायला रात्र जाते, आजी."

"तू डोळे मिटून खेळ," ताई म्हणाली. "आपले वडील तुला डोळ्यांवर पट्टी बांधूनच शिकवायचे. डोळे मिटलेस की हात जुनी जागा शोधणार नाहीत, आवाजावर चालतील."

"साहेबांसमोर? जळती काठी? ताई, तू चादर धर. तेवढंच बघ."

तेवढ्यात अग्निशमन दलाची गाडी येऊन थांबली. अधिकारी शिस्तीचे होते. त्यांनी कागद काढला, घड्याळ हातात घेतले आणि तीन अटी वाचून दाखवल्या. काठी पडता कामा नये, गरज पडताच ओली चादर तीन सेकंदांत पोहोचली पाहिजे, आणि शेवटी वात पूर्ण विझली पाहिजे.

वाती रॉकेलमध्ये बुडवल्या, जास्तीचे रॉकेल झटकले, काठी पेटली. एक, दोन, तीन टोले ठीक गेले. चौथ्याला धाकट्यांचा हात पुन्हा जुन्या जागी गेला. त्यांनी कशीबशी हातकाठीच्या टोकाने काठी उचलली, तेव्हा ती सरळ नाकासमोर उभी राहिली आणि भरघोस मिशीच्या उजव्या बाजूने पेट घेतला.

तीस वर्षे ताई ज्या क्षणाची वाट पाहत उभी होती तो क्षण आला. तिने चादर अशी फेकली की धाकट्यांचे डोके खांद्यांपर्यंत झाकले गेले. मिशी विझली. परंतु गावातली ती एकमेव ओली चादर आता धाकट्यांच्या डोक्यावर होती आणि मधली काठी दोन्ही टोकांनी पेटलेली, हवेतच होती.

"काढू का चादर?" ताईने विचारले.

"हात लावू नकोस," चादर म्हणाली.

आत अंधार होता. आत फक्त आवाज पोहोचत होता, लाकडावर लाकडाचा टक, टक, आणि ज्वाळेची येणारी-जाणारी फुरफुर. धाकट्यांना काठीची जुनी जागा दिसत नव्हती, त्यामुळे हात तिकडे गेलेच नाहीत. ते आवाजामागे गेले. एक अडखळता टोला, दुसरा जरा बरा, आणि मग टकटक एका लयीत सुरू झाली, पूर्वीपेक्षा थोडी जलद, घड्याळासारखी. डोक्यावर ओली चादर घेतलेला एक गृहस्थ आग नाचवत होता आणि काठी पडत नव्हती.

"थांबू नकोस," आई म्हणाल्या. "वात संपेपर्यंत थांबू नकोस."

तीन मिनिटे दहा सेकंदांनी वाती आपोआप विझल्या. धाकट्यांनी काठी काखेत झेलली आणि ते जागच्या जागी बसले. ताईने चादर काढली. सगळ्यांनी मिशीकडे पाहिले.

अधिकारी कागदावर लिहीत होते. "काठी पडली नाही. चादर दीड सेकंदात आली, इतक्या लवकर आमचीही येत नाही. वात पूर्ण विझली. फक्त हे तोंड झाकून खेळणं तुमच्या अर्जात लिहिलेलं नव्हतं."

"सगळं अर्जातच लिहिलं, तर बघायला काय उरलं, साहेब?" आई म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी सही केली.

गाडी गेल्यावर म्हातारबुवा स्टुलावरून उठले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना गिऱ्हाइकासाठी उठताना कोणी पाहिले नव्हते. ते धाकट्यांच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेऊन बराच वेळ पाहत राहिले.

"उजवी," ते म्हणाले.

"घरी जाऊन उरलेली काढून टाकतो," धाकटे ओशाळून म्हणाले.

"काढायची नाही," आई म्हणाल्या. "आज याच तोंडाने रंगमंचावर उभं राहायचं. लोकांना पूर्ण मिशी कुठल्याही घरात बघायला मिळते. आणि उद्या इथं येऊन फोटो काढून द्यायचा. सासऱ्यांचं एवढं एकच देणं मागे राहिलं होतं."

त्या संध्याकाळी कबुतरे आधी उडाली. शेवटी धाकटे डोळ्यांवर काळी पट्टी बांधून उभे राहिले, आखूड काठी न पडता फिरली, आणि लोक आग बघूनच घरी गेले. ताईने चादर जशीच्या तशी घडी करून परत नेली, आणि ती न वापरावी लागल्याचा आनंद तिला प्रथमच थोडा कमी झाला.

दुसऱ्या दिवशी काठीवालीने नवे छायाचित्र पणजोबांच्या शेजारी टांगले. पणजोबांची उजवी बाजू झुपकेदार, धाकट्यांची डावी. म्हातारबुवांनी दोन पावले मागे जाऊन मान आधी एकीकडे, मग दुसरीकडे कलती केली. दोन्ही तसबिरींत मिळून एक मिशी पूर्ण भरत होती.

"फिटलं," ते म्हणाले, आणि मुलीला म्हणाले, "यांना आता बसायला स्टूल दे."