रागाचा उपास

टेलरमास्तरांनी यंदा ईस्टरआधीच्या उपासकाळात राग सोडला होता. दरवर्षी ते गोड सोडत. पण "मुळात न आवडणारी वस्तू सोडून देवाला कशाला फसवता?" असं बायकोनं विचारलं आणि मास्तर शब्दात सापडले.

नेमकं त्याच आठवड्यात छत गळू लागलं. वर राहणारे मिस्त्री गावभरचे नळ दुरुस्त करत. घरचा नळ मात्र मास्तरांनी जिन्यात उभं राहून आरडाओरडा केल्याशिवाय त्यांना कधी दिसला नव्हता. मास्तर तावातावानं वर गेले आणि दारातच त्यांना व्रत आठवलं. मिस्त्रींचेही रोजे चालू होते. त्यांनाही भांडण वर्ज्य.

"जरासं ठिबकतंय," मास्तर मवाळ आवाजात म्हणाले.

"चूक माझीच."

"छे हो, माझंच टेबल नेमकं खाली आहे."

"असं म्हणता? मग टेबल सरकवून बघा."

टेबल सरकलं, गळतीही मागोमाग सरकली. बादली आली, पातेली आली, शिलाई मशीनवर छत्री आली. रोजा सोडताना मिस्त्री खजुरांची बशी खाली पाठवत, मास्तर तिच्यात फळं घालून ती वर धाडत. एवढ्या गोडव्यात नळाचा विषय काढायचा कसा?

"अहो, एकदाच ओरडा. देवाला मी सांगते," बायको म्हणाली.

"सोडला म्हणजे सोडला."

आता एकच कोपरा कोरडा होता. तिथे ईस्टरनंतरच्या लग्नातल्या नवरीचा पांढरा झगा टांगलेला. त्यावर डाग पडला असता तर मास्तरांची अब्रूच गेली असती. मास्तरांची झोप उडाली.

ईदच्या सकाळी मिस्त्री मास्तरांनीच शिवलेला नवा सदरा घालून गळाभेटीला आले. "माझे रोजे झाले. तुमचं?"

"ईस्टरपर्यंत."

तेवढ्यात छताचा ओला पोपडा सुटला आणि झग्यापासून वीतभर अंतरावर, मिस्त्रींच्या खांद्यावर पडला.

"कुणाचं हे काम?" मिस्त्री कडाडले.

"तुमचंच," मास्तर हळूच म्हणाले.

ओरडायला समोर माणूसच उरला नाही. मिस्त्री तरातरा जिन्यात गेले, मास्तरांच्या नेहमीच्या जागी उभे राहिले आणि वर बघून गरजले, "लाज नाही वाटत? गावाची गळती काढतोस, आणि घरचा नळ?" मग चार पायऱ्या चढून त्यांनी खाली उत्तर दिलं, "वेळ मिळाला की करतो म्हटलं ना." पुन्हा खाली येऊन, "नवरीचा झगा भिजल्यावर मिळणार का वेळ?"

आपली बाजू इतकी झकास मांडलेली मास्तरांनी कधी ऐकली नव्हती. त्यांचं मन भरून आलं. शेवटी मिस्त्री स्वतःपुढे हरले आणि नव्या सदऱ्यानिशी पाना घेऊन नळाखाली शिरले. पाणी थांबलं.

मास्तर वर मिस्त्रींच्या दारात घुटमळले. "मिस्त्री, मोरीच्या फुटक्या झाकणाचं बोलायचं राहिलं."

"हो की," म्हणत मिस्त्री पुन्हा जिना उतरले आणि मास्तरांच्या जागी उभे राहून त्यांनी घसा खाकरला.