धुळीआड वाढणारा तारा

“गेले! दोन्ही तारे विझले!” रक्षिता ओरडली.

बंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या दारासमोर, तिनं कचऱ्याच्या काळ्या पिशव्या ताणून बांधल्या होत्या. ही आकाशगंगेतली धूळ. मागे स्टुलावर कढत पाण्याचे दोन पेले, म्हणजे नुकतेच जन्मलेले तारे. धुळीपलीकडचं डोळ्यांना दिसत नाही, पण उष्णता टिपणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याला दिसतं. एवढं परीक्षकांना पटलं, की वेधशाळेच्या सहलीतली एकुलती एक जागा तिची! कॅमेरा काकाचा, इमारतींच्या भिंतीतली ओल शोधायचा. सगळं जय्यत तयार. आणि परीक्षक सूर्यकांत सर अडकले बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये! पाणी थंडगार.

“थांब गं, नवे तारे आणते,” म्हणत मैत्रेयी स्वयंपाकघरात पळाली आणि कढईतून नुकत्याच काढलेल्या बोंड्यांची ताटली घेऊन आली.

“अगं, ते पाहुण्यांचे! अक्कांनी बघितलं तर?”

“प्रयोग झाला की परत ठेवू. स्वल्प ॲडजस्ट कर की!”

शिवलीला अक्का मंडळाच्या अध्यक्षा. यंदापासून मंडळात तळलेलं बंद, हा त्यांचाच फतवा. सूट फक्त पाहुण्यांना. सहलीला कोण जाणार, यावर शेवटचा शब्दही त्यांचाच.

तेवढ्यात सर आले, घाम पुसत.

“सर, ही धडाधड तारे जन्माला घालणारी आकाशगंगा. नुसती बघितली तर मिट्ट काळोख. पण आता...” रक्षितानं बटण दाबलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पिशव्यांमागचे बोंडे लखलखले. टाळ्या!

मग एक तारा उचलला गेला.

“हे काय?” सर पुढे सरकले.

पडद्यावर एक नारिंगी हात होता. मनगटापासून कोपरापर्यंत गार बांगड्यांच्या काळ्या रेघा. एवढ्या बांगड्या मंडळात एकच बाई घालायची, आणि पहिल्या रांगेतली तिची खुर्ची रिकामी होती. अक्का स्वयंपाकघराच्या बाजूनं आत शिरल्या होत्या!

नाव घ्यावं तर सहल गेली. कॅमेरा बंद करावा तर प्रयोग गेला.

“तो... नवा तारा, सर. आजूबाजूचं ओढून घेत वाढतोय.”

“वाढतोय खरा!” मागून कुणीतरी खिदळलं. दुसरा बोंडा गेला. तिसराही.

“फार भूक दिसते त्याला,” सर म्हणाले.

“हो सर. आजूबाजूचं संपलं, की आपोआप थांबतो.”

पिशव्या दचकून हलल्या. पडद्यावरचा हात जागच्या जागी थिजला.

सर उठले आणि पिशवी बाजूला सारून आत गेले. रक्षितानं डोळे घट्ट मिटून घेतले. उघडले, तेव्हा पडद्यावर हात दोन होते आणि ताटली एकच.

“सकाळपासून पोटात काही नाही हो अक्का,” आतून सरांचा आवाज आला. “चटणी कुठाय?”

“रक्षिता!” भरल्या तोंडानं अक्का ओरडल्या. “सहलीला तूच जायचंस, सरी? कळलं ना? सरही हो म्हणतायत. आणि आधी ते यंत्र बंद कर!”

“हो अक्का, लगेच,” रक्षिता म्हणाली, आणि कॅमेऱ्यावरचं एकेक बटण अगदी निवांत वाचू लागली.