परतीच्या ओढीचा दाखला

माझ्या भाचीला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि तिच्याआधी मीच कामाला लागलो. तीस वर्षं पाणीपट्टीच्या कार्यालयात कारकुनी केलेला मामा घरात असताना मुलीने स्वतः अर्ज भरणं बरं दिसलं नसतं. अडचण साधी होती. त्या देशाने आमच्या देशाचं नाव नुकतंच सावधगिरीच्या यादीत घातलं होतं. त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याने तिकडे जाण्याआधी, आपण परत येणार आहोत हे सिद्ध करायचं होतं. वर्ग सुरू व्हायला सात आठवडे होते. उशीर झाला की तिची जागा दुसऱ्याला जाणार होती.

भाची म्हणाली, पुरावे कशाला, मी खरं कारणच लिहिते. तिच्या कॉलेजात पाणी तपासायचं एक मोठं यंत्र आहे. ते आलं, त्याचं उद्घाटन झालं, फोटो निघाले, आणि मग ते चालवता येणारं कुणीच नाही हे लक्षात आलं. चार वर्षं ते चादरीखाली आहे. नदीच्या वरच्या अंगाला कातडी कमावायचे कारखाने, खालच्या अंगाला आमचे नळ. मधे काय मिसळतं कुणाला ठाऊक नाही. ते यंत्र शिकायचं आणि परत येऊन चालवायचं, एवढ्यासाठी पोरगी निघाली होती.

मी तो परिच्छेद खोडला.

"असलं कुणी लिहीत नाही. खोटं वाटतं."

"पण खरं आहे, मामा."

"असेल गं. पण त्याचा दाखला कुठे मिळतो?"

मग ज्यांचे दाखले मिळतात अशा गोष्टींची फाइल मी केली. घराचा उतारा लावला, ताईच्या दम्याचं प्रमाणपत्र लावलं. त्या देशाच्या वकिलातीत व्हिसाच्या खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही परत केले. घर काय, विकता येतं. आणि आजारी आईला सोडून जाणारी मुलगी परत येईल यावर विश्वास कसा ठेवायचा? आई ठणठणीत असती तर? तर मग परत यायचं कारणच उरत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांनी एक नवा फॉर्म दिला. 'परतीच्या ओढीचा दाखला.' ओढ तीव्र, मध्यम की सौम्य यावर खूण करायची आणि अर्जदारावाचून ज्यांचं अडतं अशा तिघांच्या सह्या आणायच्या.

पहिली सही भावजींची. त्यांनी 'तीव्र'वर खूण केली आणि पेनाचं टोपण लावता लावता म्हणाले, ती तिकडेच राहिली तर बरं होईल, धाकट्याला तरी बोलावून घेईल. उरलेल्या दोघांचंही मत फार वेगळं नव्हतं. सह्या मात्र सगळ्यांनी ठसठशीत केल्या.

ओढ आणखी बळकट असावी म्हणून घाईघाईने भाचीचं लग्न ठरवलं. वाट पाहणारा होणारा नवरा म्हणजे पुराव्यांचा राजा. मुलगा सज्जन होता, वाट पाहीन असं पत्रही त्याने लगेच दिलं.

वकिलातीतून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा तिथल्या साहेबांच्या टेबलावर दोन फाइली होत्या. दुसरी त्या मुलाची. तोही तिकडेच शिकायला निघाला होता, आणि त्याच्या ओढीच्या रकान्यात माझ्या भाचीचं नाव होतं. तीव्र.

"तुम्ही त्यांच्यासाठी परत येणार, ते तुमच्यासाठी," साहेब शांतपणे म्हणाले. "मग इथे कोण आहे?"

मी खोकलो. पण भाचीला राहवलं नाही. तिने यंत्राचं सगळं सांगितलं, चादरीसकट. मला तिचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली.

"हे अर्जात का नाही?" साहेबांनी मला विचारलं.

"साहेब, यावर कोण विश्वास ठेवणार?"

साहेबांनी मान डोलावली. तीस वर्षांत कुठल्याही अधिकाऱ्याशी माझं इतकं एकमत झालं नव्हतं. अर्ज नामंजूर झाला. कारण, तोंडी विधान कागदपत्रांशी विसंगत.

त्या मुलाचा मात्र मंजूर झाला. भाची आता इथेच राहणार हे सरकारी शिक्क्यानिशी पक्कं झाल्यामुळे, त्याची ओढ सिद्ध झाली होती. तो गेला, तिकडे रुळला, आणि वर्षाच्या आत लग्न मोडल्याचा दोन ओळींचा निरोप आला.

भाचीने मग कॉलेजकडे अर्ज केला, की पुस्तक वाचून वाचून शिकते, निदान चादर तरी काढू द्या. प्राचार्यांनी परदेशातल्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागितलं.

हे मी ज्याला ज्याला सांगतो, तो आधी हळहळतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "पण खरं सांगा, ती परत आली असती का हो?" तुमच्याही मनात तेच आलं असेल. लाजू नका. साहेबांच्याही मनात तेच आलं होतं. फक्त त्यांना त्याचा पगार मिळतो, तुम्ही फुकट करता.