कोल्हिणीचं माहेर

जपानची कोल्हीण कॅसलरॉकच्या रानात आणणारा मी पहिला माणूस! हे मी अगदी छातीठोकपणे सांगतो. म्हणजे माझ्या माहितीत तरी पहिला. माझ्याआधी कुणी आणली असेल तर मी माझं म्हणणं मागं घेतो. भांडण नको.

माझा जन्म रेल्वेच्या पार्सल हापिसात गेला. गोव्याला निघालेला कुणी गोरा प्रवासी वेटिंग रूमच्या बाकावर एक इंग्रजी पुस्तक विसरून गेला होता. आत सगळ्या जपानी देवादिकांच्या कथा. मालक येईल म्हणून मी ते जपून ठेवलं. मालक आला नाही, आणि पुस्तक माझ्या डोक्यातून जाईना. निवृत्त झाल्यावर मी त्या कथांच्या आधारानं एक कादंबरीच लिहिली. कॉलेजातल्या पोरापोरींनी उशाशी घेऊन झोपावं अशी, अद्भुत आणि प्रेमाची! असलं काही लिहिणं माझ्या टकलाला शोभत नाही हे मला कळत होतं. म्हणून बाड तांदळाच्या डब्यामागं असे.

कादंबरीतली कोयुकी ही भाताच्या देवाची कोल्हीण. जपानात भाताच्या देवाचे निरोप कोल्हे नेतात. ती मुलीचं रूप घेऊन डोंगरातल्या वाटेवर दिवे लावणाऱ्या ताकेशीच्या प्रेमात पडते. पण तिचं शेपूट माणसाला दिसलं की तिनं परत जायचं, असा देवाचा नियम. शेवटी ते दिसतंच. ती बर्फातून निघून जाते. मागं पाऊलखुणा उरतात. आधी माणसाच्या, पुढं पुढं कोल्ह्याच्या. हे वाक्य लिहून मी स्वतः रडलो होतो. अर्थात मी पंचांग वाचूनही रडतो, त्यामुळं तो काही पुरावा नव्हे.

धीर करून मी बाड बेळगावच्या हलगेकर प्रकाशकांकडं नेलं. त्यांनी चार पानं उलटली आणि चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

"बाबूसाहेब, अक्षर लागत नाही हो. शेवट काय आहे?"

"ती जाते."

"वाचणारा रडेल?"

"रडेल, बहुतेक."

"बहुतेक?"

मी मान खाली घातली. माणूस भला होता. म्हणाला, "असं करा, कुणाकडून तरी मला हे नीट ऐकवा. शेवटाला मी रडलो तर छापतो. नाही रडलो तर बाड परत न्यायचं, आणि राग मानायचा नाही."

आता ऐकवणार कोण? मला चार माणसांसमोर शिंकायचीसुद्धा लाज वाटते.

तोच आमच्या वाडीत जत्रेची गडबड सुरू झाली. जत्रेचं नाटक बसवणारा वासू, हा रेल्वेत गँगमन. तो घामाघूम होऊन दारात आला. नाटकाची जुनी वही वाळवीनं खाल्ली होती. राजा उरला होता, राज्य गेलं होतं.

"बाबू, एकादं नाटक हाय काय ओ तुमच्याकडं? पुस्तकं बाळगून आसता."

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून आमच्या रुक्माबाई म्हणाल्या, "हाय की. तांदळाच्या डब्यामागं. उंदीर शिरला म्हणून बगायला गेले, तर कोल्हीण गावली."

वासूनं गोष्ट ऐकली आणि तो जागच्या जागी उडाला. ताकेशी तो स्वतः होणार. आमच्याकडं बाईची कामं अजून पुरुषच करायचे, तेव्हा कोयुकी कोण, हेही ठरलेलंच. लाडू! लाकडं फोडणारा, दाराच्या चौकटीत तिरका होऊन शिरणारा, आणि मिशा अशा की चिमण्यांनी घरट्यासाठी विचारपूस करावी. त्यानं त्या मिशा दुसऱ्याच दिवशी काढून टाकल्या. एवढा त्याग पाहून मला बरं वाटेना. मी हलगेकरांना जत्रेचं आमंत्रण धाडलं. त्यांची परतीची गाडी संध्याकाळी, म्हणून नाटक दुपारीच करायचं ठरलं.

पण नाटकाला आधी म्हादू गावकारांची परवानगी पाहिजे. देवीला गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच. त्यांनी सगळी गोष्ट डोळे मिटून ऐकली.

"ही कोल्हीण देवाची म्हणालासा न्हवं?"

"हो. म्हणजे भाताच्या देवाची. पण ती गोष्टीतली—"

"गोष्टीतली आसू दे. रावणबी नाटकातलाच आसतोय. तरी लाडू तोंडाला रंग लावायच्या आदी आमी नारळ फोडतोच की. परमुलखातलं दैवत शिवेच्या आत येनार, आनि आईला इचारायचं न्हाई?"

मी 'विचारा की' म्हणालो. मी सहसा 'हो'च म्हणतो.

मग सातेरी आईच्या देवळात कौल लावला. भिजवलेल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवल्या. उजवी पडली तर देवी 'हो' म्हणते. गावकार हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "आई सातेरी, जपान गावची पोर तुज्या शिवेत येत्या. भाताच्या देवाघरची हाय, उपाशी न्हाई. तिला संबाळ, आनि तिच्यापास्नं आमच्या कोंबड्या संबाळ."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

उजवी पाकळी टपकन पडली. झालं. दुसऱ्या दिवशी ढोल वाजवत सगळे शिवेवर गेले. पलीकडं लुगडं नेसलेला लाडू आणि त्याची काथ्याची शेपटी. अलीकडं नारळ आणि गावातल्या बायका. त्यांनी लाडूच्या पायांवर पाणी घातलं, ओटी भरली आणि त्याला शिवेच्या आत घेतलं. लाडू लाजला. गावकार माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आता ही गावची लेक झाली, बाबू. शेवटाला तिला परत धाडतासा म्हनं?"

"हो. बर्फातून."

"लगीन न करता?"

"तेच तर दुःख आहे त्यात, गावकार."

"गावच्या लेकीला मोकळ्या कपाळानं शिवेभाईर घालवायची आपल्यात पद्धत न्हाई."

मी त्यांना दोन्ही हात जोडले. प्रकाशक येणार, शेवटावर सगळं अडलंय, आयुष्यात एवढी एकच गोष्ट मला जमली असेल तर असेल, असं काहीतरी पुटपुटलो. ते "बगू" म्हणाले. 'बगू' म्हणजे नाही, हे मला रेल्वेतल्या इतक्या वर्षांनंतर तरी कळायला हवं होतं.

जत्रेच्या दुपारी मांडव फुलून गेला. पार कुंभारवाडा गावापर्यंतची माणसं आली होती. हलगेकर पहिल्या रांगेत खुर्चीवर. वासूच्या घरच्यांनी त्यांना पान दिलं, आपल्यातच बसवून घेतलं. मी पडद्याआड वाक्यं पुरवायला उभा. 

आणि काय सांगू, नाटक रंगलं! पहिल्याच प्रवेशात ताकेशी म्हणतो, "उन्हात पाऊस आला की आमच्या जपानात म्हणतात, कोल्ह्याचं लगीन लागतंय." मांडवात एकच गलका झाला. "आरं, आमच्यातबी तसंच म्हणत्यात की!" हे वाक्य माझं, खास मी शोधून घातलेलं. त्या क्षणी मी हवेत तरंगत होतो. फार वेळ नाही.

शेवट आला. लाडूचं शेपूट दिसलं. ताकेशी मागं सरला. वरून सावरीच्या कापसाचा बर्फ पडू लागला. लाडू लुगड्याचा पदर सावरत एकेक पाऊल टाकत निघाला.  मी फटीतून हलगेकरांकडं पाहिलं. त्यांची हनुवटी हलत होती. रडतील! आता रडतील!

आणि लख्ख ऊन पडलेलं असताना वळवाची सर आली.

झावळ्यांतून पाणी गळायला लागलं. कापूस भिजून लाडूला चिकटला. जपानची कोल्हीण अर्धवट पिसं काढलेल्या कोंबडीसारखी दिसायला लागली. पण हसलं कुणीच नाही. सगळे वर बघत होते. ऊन आणि पाऊस, दोन्ही एकदम.

म्हादू गावकार उभे राहिले. "थांबीव रं नाटक. कुटं चाललीस गं लाडू? मागं फीर. आई काय सांगत्या, दिसत न्हाई? तुजं लगीन हाय आज."

"पण गावकार," मी पडद्याआडून म्हणालो, "पुस्तकात—"

"पुस्तक तुमी लिवलासा. पाऊस कुणी लिवला?"

पुढचं सगळं फार भरभर झालं. नाटकाचाच पडदा सोडून अंतरपाट धरला. वासूनं 'माझं खरं लगीन ठरायचं हाय' असं सांगून पाहिलं. त्याची आई म्हणाली, "हे नाटकातलं हाय, गप उभा ऱ्हा." अक्षतांना तांदूळ आमच्याच डब्यातले. मग प्रश्न आला, कन्यादान कोण करणार?

"जन्म कुणी दिला?" गावकारांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी मागच्या बाजूनं निसटत होतो. रुक्मानं माझा सदरा धरला. "चला. शाळेत तर कुनाला घालायला न्हाई मिळालं, निदान लगीन तरी लावून देऊया." असं म्हणून ती माझ्या शेजारी पाटावर बसलीसुद्धा. आम्हाला मूलबाळ नाही, हे मी सांगायचं राहिलं. लाडूचा फावड्याएवढा हात मी वासूच्या हातात दिला, तेव्हा मला हसू येईना, आणि का येईना तेही कळेना.

पाठवणीला बायकांनी गाणी म्हटली. लाडू भूमिकेत इतका शिरला होता की त्यानं मला मिठी मारून चक्क उचललं आणि खांद्यावर डोकं ठेवून हंबरडा फोडला. त्या उंचीवरून मला हलगेकर दिसले. ते रडत होते! उपरण्यानं डोळे पुसून पुसून, नाक लाल होईपर्यंत.

लाडूनं मला खाली ठेवताच मी त्यांच्याकडं धावलो. "रडलात?"

"रडलो हो. मागच्या माघात आमच्या मुलीला असंच पाठवलं पुण्याला."

"मग छापणार?"

"छापणार की. शब्द दिलाय मी." गाडीची शिट्टी ऐकून ते उठले. "पण ज्याला रडलो ते छापणार. ती बर्फातून जाते तेव्हा मी पान चघळत होतो. हनुवटी तेवढी हलत होती. हा शेवट लिहून पाठवा. ती जात नाही. ती इथंच राहते. पुढं काय होतं तेही लिहा."

गाडी गेली. मी उत्साहानं त्याच संध्याकाळी लिहायला बसलो. पण पुढं काय होतं हे मला लिहू देतील तर ना.

दिवाळीला पहाटेच दारात लाडू, मिशा पुन्हा वाढवलेल्या, मागं वासू. जावयाचा पहिला सण. रुक्मानं पाट मांडले, वासूला तेल लावलं, लाडूला खण दिला. लाडूनं तो उजेडात धरून पाहिला.

"रंग जरा फिका हाय ओ, बाबा."

मला 'बाबा' आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी दुकानात जाऊन बदलून आणला.

त्यानंतर संक्रांत झाली, शिमगा झाला. माहेर म्हटल्यावर येणारच. वासूचं खरं लगीन ठरलं, तेव्हा लाडू रागावून चार दिवस आमच्याकडंच राहिला, आणि समजूत घालायला होणाऱ्या नवरीला यावं लागलं. हलगेकर विचारतात, शेवट कुठंवर आला? मी कळवतो, बहुतेक आलाच.

काल खरोखरच शेवटचं पान घेऊन बसलो होतो. लाडू आला, अंगणात पसरला, मिशीवरचा घाम पुसला आणि रुक्माला म्हणाला, "आये, कैरीची फोड दी गं एक. सकाळपास्नं आंबट खावंसं वाटालंय."

रुक्मानं माझ्याकडं पाहिलं. मी लेखणी खाली ठेवली.