महिपतरावांचं धनुष्य दुकानात जातं

आमच्या तालुक्यात शिकारीचा हंगाम संपला की धनुष्यं आपापली माणसं बदलून घेतात. सगळीच बदलतात असं नाही. काही नुसता खांदा बदलून घेतात, काही माणसाला नवा चष्मा लावून त्याच्यावरच आणखी एक हंगाम काढतात. पण गुढीपाडव्यापासून दसऱ्यापर्यंत शिकार बंद, हाताशी काम नाही आणि दुकानात नवी माणसं आलेली. मोह कुणाला आवरतो?

माझ्या धनुष्यानं हंगामाच्या शेवटच्या दिवशीच विषय काढला. रानडुक्कर समोरून निघून गेलं होतं आणि बाण सागाच्या खोडात रुतला होता.

"महिपतराव," ते म्हणालं, "दसऱ्याआधी एकदा दुकानात जाऊन येऊ."

मी बरं म्हटलं. घरी आल्यावर दस्तुराप्रमाणे त्याची दोरी उतरवली आणि ते खुंटीवर ठेवलं.

बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. हंगामात आमचं कामापुरतं बोलणं व्हायचं. गप्पा सगळ्या सुट्टीत. संध्याकाळी भाकरी थापता थापता मी त्याला सगळं सांगायचो. शेजारच्यांची म्हैस व्याली, ग्रामसेवक आजही आला नाही, गुडघा धरलाय. बायकोबद्दलही सांगायचो, जे तिला कधी सांगितलं नव्हतं ते. ते मध्ये एक शब्द बोलायचं नाही. असा ऐकणारा मिळायला भाग्य लागतं. या सुट्टीत तर मी जरा जास्तच बोललो. तिळाच्या तेलानं खांदा चोळला, गाजरं खाल्ली, आणि इतकं ऐकून घेणारं आपल्याला सोडायचं नाही अशी मनाची समजूत घातली. मला दुसरं कुणी नव्हतं, हे सरळच सांगतो.

पितृपक्षात कुणी खरेदी करत नाही, म्हणून घटस्थापनेला निघालो. सकाळी दोरी चढवली. ते वाटेत म्हणालं, "हवा बरी आहे." त्यावरही मला आशा वाटली.

गुंजकरबाईंच्या दुकानात बाकावर माणसं बाह्या सारून बसली होती. आमच्याकडची रीत अशी की जुन्या माणसानं आपले दोष आपल्याच तोंडानं सांगायचे. मी सांगितले. उजवा खांदा अडतो. संध्याकाळी अंधुक दिसतं. बाण सोडताना हात थरथरतो.

बाईंनी कलिंगड बघावं तशी माझी पाठ ठोकून पाहिली. "सगळा माणूस कशाला बदलताय? खांदा नवा टाकून देते. पाठ अजून चांगली आहे."

"पाठीबद्दल तक्रार नाही," धनुष्य म्हणालं. "नवीन दाखवा."

दुकानामागे पेंढ्याची गोणी टांगली होती. पहिला माणूस दोरी ओढताना धापा टाकत होता. दुसरा ओढण्याआधीच आपली कीर्ती सांगायला लागला. तिसरा निवृत्ती भोपी, शांत, रुंद खांद्यांचा. त्यानं दोरी कानापर्यंत ओढली, थांबला, सोडली. बाण गोणीच्या मधोमध. मीही मान डोलावली. चांगल्याला चांगलं म्हणायलाच हवं.

"हे द्या," धनुष्य म्हणालं.

मग माझं शेवटचं काम राहिलं होतं. मी भोपीला धनुष्याच्या सवयी सांगितल्या. दोरीला मेण लावत जा. चुलीजवळ ठेवू नका. हंगाम संपला की त्याच दिवशी दोरी उतरवा.

"आणि सुट्टीत रोज संध्याकाळी त्याच्याशी बोलत जा," मी म्हणालो. "त्याला ऐकायला फार आवडतं."

भोपीनं धनुष्याकडे पाहिलं.

"सुट्टीत?" धनुष्यानं विचारलं.

"हो. आपण बसायचो तसं."

"महिपतराव, दोरी उतरवली की आम्हाला ऐकू येत नाही."

"लाकूडच की ते तेव्हा," बाई बाण पुसत म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत असेलच," धनुष्य म्हणालं.

"आहे की," मी म्हणालो.

भोपीनं मला वाकून नमस्कार केला आणि ते दोघं निघाले. मी बाईंकडे पाणी मागून प्यायलो आणि बाजारातून मेथीची जुडी घेतली. घरी आल्यावर चूल पेटवली, पीठ मळायला घेतलं आणि दुकानात काय काय झालं ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.